हॅझलगिलांची तुटक रेषा

यॉर्कशर,
१४ नोव्हेंबर २०१९

प्रिय डोरीन,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? मी बरा आहे. पंधरा दिवस धुकं हटायचं नाव घेत नाही. शेजारची एडना बटाटे घालून शिजवलेलं मटण आणून देते आणि खाल्लं की नाही ते बघायला परत येते. छळ आहे नुसता!

चार पत्रं तू न उघडता परत पाठवलीस. म्हणून हे तुझ्या लेकीच्या, जॅनेटच्या पत्त्यावर टाकतोय.

मी हवामानावरच पान भरणार होतो. पण तो मेळावा काही डोक्यातून जात नाही. अकरा वर्षं झाली. जगभरातले आपल्या हॅझलगिल आडनावाचे लोक मी गावच्या हॉलमध्ये जमवले, सत्तावीस जण! चर्चच्या नोंदी तीस वर्षं उकरून केलेली चौदा फुटी वंशावळ मी भिंतीवर लावली. दत्तक मुलाला तुटक रेषा, हा आम्हा वंशावळवाल्यांचा रिवाज. ती मी तुझ्या नावावर काढली. तुला काहीच ठाऊक नव्हतं. सांगायचं नाही, अशी आईबाबांनी मला शपथ घातली होती. चहाचा कप हातात घेऊन तू हसत विचारलंस, "क्लिफ, हे काय रे? पेन अडकलं की काय?"

आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "नोंद म्हणजे नोंद, डोरीन."

आता ऐक. मार्चमध्ये मी थुंकीची डीएनए तपासणी करून घेतली. पाच देशांतल्या हॅझलगिल पुरुषांचं एकमेकांशी जुळलं. माझं एकाशीही जुळलं नाही. म्हणजे आपल्या घराण्यात मागे कुठेतरी बाप दुसराच होता; रक्तानं मीही हॅझलगिल नाही. हस, हवं तितकं हस.

१८८१च्या जनगणनेत त्रेसष्ट हॅझलगिल होते, सगळे आपल्या खोऱ्यातल्या त्या वरच्या मूळ शेतापासून आठ मैलांत. हल्ली खोऱ्यातल्या मतदारयादीत दोनच उरले होते, तू नि मी. परवा बघतो तर तुझं नाव नाही. घाबरून जॅनेटला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, आईनं आडनाव बदललं. रीतसर कागद करून. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती." घटस्फोटानंतर किती हौसेनं परत घेतलं होतंस गं ते नाव!

हॅझलगिल हे ओढ्याकाठच्या त्या शेताचं नाव. शेतावर राहणाऱ्याला कुणी हॅझलगिल म्हणत नसे, गरजच काय? ते सोडून जो खाली गावात आला, त्याला लोक तसं म्हणू लागले. घर सुटलं त्यालाच हे नाव मिळालं. हे मी मेळाव्यात ऐटीत सांगितलं होतं, पण समजलं आत्ता. मी जन्मभर या घरातून हललो नाही. घर सुटलं ते तुझं, माझ्यामुळे.

डॉक्टर नाताळपर्यंतची मुदत देतात. मला मूलबाळ नाही, तेव्हा खोऱ्यातलं नाव माझ्याबरोबर संपेल. तू येणार नाहीस, हे मला कळतं. काल वंशावळ खाली घेतली आणि तुझी रेषा शाईनं सलग केली. थोडी वाकडी झालीय.

तेव्हा पेन अडकलं नव्हतं, डोरीन. मला फक्त बरोबर ठरायचं होतं.

कुठल्याच नोंदीत न बसणारा, तुझा भाऊ,
क्लिफ