घायपाताचा दोर

आबा, मी समुद्राच्या तळाशी जाऊन आले. तुम्ही असता तर पहिलं हेच विचारलं असतं, "काहून? वर काय कमी होतं?" म्हणून आधी तेच सांगते. आमच्या खात्यात एलटीसी म्हणून एक प्रकार असतो. रजा घ्यायची आणि सरकारच्या खर्चानं देश बघून यायचा. टपाल कचेरीत शिक्के मारण्यात माझा जन्म गेला, पण ती सवलत कधी वापरलीच नाही. लेकरांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणं, हळदीची काढणी, काही ना काही निघायचंच. आता निवृत्ती जवळ आली तशा कचेरीतल्या पोरी हात धुऊन मागे लागल्या, मॅडम, आता तरी विमानानं अंदमानला जाऊन या. गेलो. मी आणि तुमचे जावई. जावई तुम्हाला माहीतच आहेत, अंगावर तांब्या ओतला तरी डोळे घट्ट मिटून घेणारा माणूस. ते किनाऱ्यावर माझी पर्स, चपला आणि बांगड्या सांभाळत बसले आणि म्हणाले, "तू जाय. मी हाय इथं सामानापाशी." सामान घेऊन कोण पळणार होतं तिथं, देव जाणे.

माझी इच्छा काही फार दांडगी नव्हती. पण तिथं पाटी होती, पोहता येत नसलं तरी चालेल. मला ते लागलं. मला येतं की! पाण्यात नेणारी पोरगी माझ्या लेकीपेक्षा लहान, काळीसावळी, काटक, हिंदी बोलणारी. तिला मी ऐटीत सांगितलं, मुझे आता है, कुएँ में सीखी हूँ. मला वाटलं, कौतुक करेल. तर तिनं कपाळाला हात लावला. "कुएँवाले ज़्यादा तकलीफ देते हैं, आंटी. साँस रोक लेते हैं." मग तिनं बोट नाचवत बजावलं, की नळी तोंडात असताना श्वास घेत राहायचा आणि सोडत राहायचा, काही झालं तरी आत कोंडायचा नाही. पाठीवर ते जड सिलेंडर चढवलं तेव्हा मला तुमचा तेलाचा रिकामा डबा आठवला. तो पण असाच पाठीला बांधायचात. फक्त तो वर तरंगवायचा आणि हे खाली नेणारं होतं.

कुरुंद्याच्या शिवारातली आपली विहीर. मी आठ-नऊ वर्षांची आहे. हळद शिजवायचे दिवस आहेत, बांधापलीकडे कढई लागलेली, सगळ्या रानात तो उग्र वास. माझ्या कमरेला घायपाताचा दोर, पाठीला डबा. तुम्ही काठावर उभे आणि बाजेवर आत्या बसलेली. आत्याचं एकच पालुपद, "पोरीच्या जातीला पोहणं काहून शिकवून राहिला रे? तिला काय मासे धरायचेत?" तुम्ही दोर हातानं चाचपता आणि तिच्याकडे न बघता म्हणता, "पाणी शेंदायला पोरीच येतात ना हिरीवर? मंग पडतील बी त्याच. पोरं कुठं पडून राहिली?" मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता. तो अभिमान त्या दिवसापुरताच टिकला म्हणा.

कारण त्याच दिवशी तुम्ही डबा सोडून ठेवलात. नुसता दोर. म्हणालात, "तोंड मिट, दम धर, मार उडी. मी हाय." मी मारली. कमरेला एकदा हिसका बसला तेवढाच, मग खाली गेले, गेले, जातच राहिले. दोर ताणला जाईल, तुम्ही ओढाल, म्हणून वाट बघते आहे आणि दोर काही ताणला जाईना. पाणी हिरवं होतं, मग काळं झालं. पायाला गाळ लागला. आता मेलेच म्हणून मी जे हातपाय झाडले, ते कसे झाडले मला आजही सांगता येणार नाही. वर आले, नाकातोंडात पाणी, पायरीचा दगड दोन्ही हातांनी कवटाळला. आणि बघते तर सगळाच्या सगळा दोर माझ्याभोवती पाण्यावर पडलेला. दुसरं टोक पण माझ्याजवळच. मान वर केली. तुम्ही काठावर हाताची घडी घालून उभे. दोन्ही पंजे काखेत. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. म्हणालात, "आली का न्हाई वर? मंग? दोर कशापायी पाहिजे?"

आबा, मला त्या क्षणी तुमचा जेवढा राग आला तेवढा पुढं कुणाचाच आला नाही, सासरच्यांचासुद्धा नाही. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. त्या दिवशी ऊन उतरल्यावर तुम्ही अंगणात बसलात, कढईला हात लागला म्हणून आईला सांगितलंत, आणि आई सुई घेऊन तुमच्या हाताशी काहीतरी करत बसली. मग तिनं हळद-तेल चोपडलं आणि तुम्हाला स्वतःच्या हातानं घास भरवले. मी ओट्यावरून बघत होते. मला वाटलं, लेकरू बुडता बुडता वाचलं आणि ह्यांचे लाड चाललेत!

पुढं तर तुम्ही त्याचा किस्साच करून टाकला. कोणी पाहुणा आला की सुरू, "मी पोरगीला दोर सोडून शिकवलं बरं का. सोडल्याबिगर येत न्हाई." लोक माना डोलवायचे. मला टपालात नोकरी लागली, पहिली नेमणूक लांबच्या गावाला, ओळखीचं कुत्रं नव्हतं तिथं. आई म्हणाली, एकटी कशी राहील ती. तुम्ही म्हणालात, "हिरीत सोडली तवा राहिली, आता काय झालं?" वारंगा फाट्यावर तुम्ही मला बसवून द्यायला आलात. ट्रंक वर चढवलीत, आणि गाडी सुटायच्या आत पाठ फिरवून रसाच्या गाड्याकडे तोंड करून उभे राहिलात. हाताची तीच घडी. खिडकीतून मी बघत होते, आता वळतील, मग वळतील. नाही वळलात. तेव्हा माझ्या मनात पक्कं बसलं, की ह्या माणसाला सोडणं जड जात नाही. काही माणसं असतात तशी. पुढं लग्नात सगळे रडले, तुम्ही मांडवाचे बांबू मोजून देत होतात. मला नवल वाटलं नाही.

तरी मी एकदा विचारलंच होतं. तुम्ही शेवटच्या दुखण्यात होतात, नांदेडला, दवाखान्यात. आई खाली चहा आणायला गेलेली. म्हटलं, आबा, खरं सांगा, तो दोर मुद्दाम सोडला होता का हातातून निसटला होता? तुम्ही म्हणालात, "कोणता दोर गं?" आणि डोळे मिटून घेतले. आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, ते तुमचं तुम्हाला माहीत. त्यानंतर तुम्ही गेलात, मग आईही गेली, आणि विचारायला कोणीच उरलं नाही. तसं पाहिलं तर एवढ्या वर्षांनी काय करायचं होतं मला त्याचं? पण ते राहिलं होतं खरं. जिना चढताना मध्येच एक पायरी नसावी तसं.

तर तो समुद्र. आम्हाला आत घेऊन आलेल्या नावेच्या नांगराचा दोर खाली गेलेला, त्याला धरून हळूहळू उतरायचं. ती पोरगी माझ्या पाठीमागे, सिलेंडरला धरून. पहिलं थोडं बरं गेलं. नळीतून श्वास, बुडबुडे, श्वास, बुडबुडे. मग मी खाली बघितलं आणि मला तळ दिसला, काळपट, विहिरीच्या गाळासारखा. झालं! सगळं शिकवलेलं पाण्यात गेलं. तुमचा आवाज आला म्हणणार नाही, तसलं काही झालं नाही. पण तोंड आपोआप मिटलं आणि छाती भरून मी दम धरला, विहिरीत धरायचे तसा. छातीत हवा कोंडली की माणूस वर जायला लागतो. मी वर निघाले, घाबरून दोर गच्च आवळला. त्याच वेळी वर लाटेनं नाव उचलली, आणि तो ओला, शिंपल्यांची खरबड बसलेला दोर माझ्या मुठीतून सर्रकन निघून गेला. आग आग झाली. मी तरी सोडला नाही. सोडायचं सुचतच नाही, आबा. ते हाताच्या हातात नसतं.

पोरीनं मला मागून खेचलं आणि पोटावर अशी बुक्की मारली की सगळी हवा भसकन बाहेर. वर आणून ती जी काय ओरडली माझ्यावर! "बोला था ना आंटी? फेफड़ा फट जाता ऐसे!" मी आयुष्यभर लोकांना पिनकोडवरून ओरडत आले, मला कोणी असं ओरडलं नव्हतं. तिचं ओरडून झालं. मग म्हटलं, फिरसे ले चलो. तिनं माझ्या पाठीवरचे पट्टे पुन्हा आवळले.

दुसऱ्या खेपेला मी श्वास सोडत गेले. खाली जे होतं ते काय सांगू तुम्हाला. पोवळं म्हणजे अंगठीत घालायचा लाल खडा, एवढंच मला ठाऊक. इथं त्याचं शिवारच्या शिवार पसरलेलं. एके ठिकाणी तर हळदीची गड्डी उपटून उलटी ठेवावी तशी बोटं वर आलेली, रंगही बराबर तोच, मी हसायला गेले तर तोंडात खारं पाणी. निळे-हिरवे मासे त्या पोवळ्यांना दात लावत होते आणि त्याचा आवाज ऐकू येत होता, कोणी शेजारी बसून फुटाणे खावेत तसा कुरुम कुरुम. काही पट्टा पांढराफटक पडलेला होता. ते मेलंय का म्हणून मी वर आल्यावर विचारलं. ती म्हणाली, पाणी तापलं की असं होतं, काही परत रंग धरतं, काही नाही. खाली कशाला हात लावायचा नाही म्हणून तिनं मला बजावलं होतं. मी हात छातीशी घेऊन तरंगत होते. उजवा तळहात चुरचुरत होता.

नावेत बसून मूठ उघडली. करंगळीच्या बुडापासून अंगठ्याकडे गेलेला तिरका वळ, लालभडक, सोललेला. पोरीनं मलमाची ट्यूब काढली आणि म्हणाली, "रस्सी का है. खारे पानी में जलेगा." मी त्या वळाकडे बघत राहिले. हा मी आधी बघितला होता. अगदी हाच, असाच तिरका, दोन्ही तळहातांवर. अंगणात, उतरत्या उन्हात, आईच्या मांडीवर ठेवलेले तुमचे हात. आणि आई सुईनं त्यातून काय काढत होती? कुसळं. घायपाताची पिवळट कुसळं, एकेक काढून पदराला पुसत होती. कढईला हात लागला तर कुसळं कुठून येतील, आबा? एवढं मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही. टपालात लोक म्हणतात, मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही.

म्हणजे तुम्ही सोडला नव्हता. माझ्या उडीचा हिसका बसला आणि दोर तुमच्या मुठींतून धावला, आणि तुम्ही तो हातांची सालं निघेपर्यंत धरून ठेवला. शेवटचं टोकही निघून गेलं तेव्हा पंजे काखेत दाबलेत आणि मला म्हणालात, दोर कशापायी पाहिजे. किती ते नाटक! आणि पुढं जन्मभर तेच रेटलंत. वारंगा फाट्यावर रसाच्या गाड्यासमोर तुम्ही तोंड करून उभे होतात, तेव्हाही पंजे काखेतच होते. मला आता ती घडी कळते. मी तिथं नावेत बसून रडले, चांगली हुंदके देऊन. पोरीला वाटलं हाताची आग होते आहे. किनाऱ्यावर जावयांनी विचारलं, "लई लागलं का?" मी म्हटलं, व्हय.

हे पत्र मी हिंगोलीला परत आल्यावर लिहिते आहे, स्वयंपाकघरात, कुकर लावून. पाठवायचं कुठं? पत्ता नसलेल्या टपालाचं काय होतं ते मला सांगायला नको, ती पोती मीच बांधत आले आहे. एकच गोष्ट आहे. त्या पोरीनं दिलेलं मलम मी लावलं नाही. वळ राहावा असं वाटलं. तो नाही राहिला, आठवडाभरात कातडी धरली, आता शोधूनही सापडत नाही. तुमचे हात बरे व्हायला किती दिवस लागले ते मला माहीत नाही, आबा. मी तेव्हा तुमच्याशी बोलत नव्हते.