भागिले तीन

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
वही नवी, पेन नवं, मीटर नवा. डॉक्टरांनी शुक्रवारी साफ सांगितलं, रोज सकाळी उपाशीपोटी साखर बघा, लिहा, आणि २७ तारखेला वही घेऊन या. दीडशेच्या खाली आली तर गोळ्यांवर भागेल. नाही आली तर इन्सुलिन. म्हणजे रोज सुई, पोटात, स्वतःच्या हाताने. मी हो म्हटलं आणि बाहेर दवाखान्याच्या पायरीवर थोडा वेळ बसून राहिलो. हे फक्त इथे लिहितोय.
घाबरण्याचं कारण नाही. एकतीस वर्षं सरकारतर्फे दुकानादुकानांतले वजनकाटे तपासतोय. मोजणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. आजपासून साखर बंद, बिस्किटं बंद, भात अर्धा, रोज चाळीस मिनिटं चालणं.
आजचा आकडा २१४. बोट ओलं होतं. दुसऱ्या बोटाचा २०९. २०९ धरला.

४ फेब्रुवारी
२१८. झोप नीट नाही झाली. ही रात्री तीनदा उठली, पाणी प्यायला आणि बाकीचं. दरवेळी मला जाग. झोपमोड झाली की साखर चढते, कोणीही सांगेल. हिला म्हटलं, संध्याकाळनंतर पाणी कमी पी. तर म्हणते, घसा कोरडा पडतो त्याला मी काय करू.
चालायला गेलो नाही. बूट चावतात.

७ फेब्रुवारी, शनिवार
२२२. सहा दिवस साखर नाही. ऑफिसातला केक खाल्ला, पण तो हेडक्लार्कच्या निवृत्तीचा होता, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. भात जवळजवळ अर्धा. आणि आकडा वर. माणूस सुधारतोय आणि काटा भलतंच सांगतोय, तर दोष कोणाचा? हा प्रश्न मी शेकडो दुकानांत विचारलाय. उत्तर एकच. काट्याचा.
मीटरच्या डब्यात तपासणीची एक बाटली आहे. तिच्यातला थेंब पट्टीवर टाकायचा, आकडा डब्यावर छापलेल्या हद्दीत आला की मीटर ठीक. वा. म्हणजे दुकानदाराने स्वतःच्याच वजनाने स्वतःचाच काटा तपासायचा. बाटली ड्रॉवरमध्ये टाकली. मला बाहेरचं प्रमाण पाहिजे. ज्याचं खरं माप आधीच ठाऊक आहे, असं.

९ फेब्रुवारी
प्रमाण घरातच आहे. ही. सव्वीस वर्षांच्या संसारात साधी सर्दी अंगावर काढली नाही, कारण सर्दी झालीच नाही. बाळंतपण सोडलं तर दवाखान्याची पायरी चढलेली नाही. गोडाचं वेड नाही. हिची साखर शंभरच्या आसपास असणार, त्यात बघण्यासारखं काही नाही. म्हणूनच बघायची.
सुई म्हटल्यावर नको म्हणाली. मग म्हणाली, बघू. आजकाल दुपारची आडवी पडते. पूर्वी ही सवय नव्हती. काल भांडी घासताना बोटातली अंगठी आपोआप निसटून सिंकमध्ये गेली. मी पाइप खोलून काढून दिली. म्हटलं, पथ्य मी करतोय आणि बारीक तू होतेयस. ती हसली. मला खरं तर थोडा रागच आला.

११ फेब्रुवारी. सकाळी ६.५५
काटा पकडला. हिचा आकडा ३१८.
तीनशे अठरा. उपाशीपोटी. धडधाकट बाईचा. म्हणजे मीटर तिप्पट दाखवतो. खरी साखर १०६, गुणिले तीन, ३१८. इतका सरळ दोष नोकरीत कधी सापडला नाही.
ती घाबरली. एवढी कशी, म्हणाली. मी दहा मिनिटं बसून समजावलं. म्हटलं, तू आमच्या ऑफिसातल्या प्रमाण वजनासारखी आहेस. वजन चुकत नाही, काटा चुकतो. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.
माझा आजचा २२५. भागिले तीन, ७५. म्हणजे कमीच की. साखर फार उतरली तर माणूस चक्कर येऊन पडतो. खबरदारी म्हणून चहात दोन चमचे साखर घातली.

१४ फेब्रुवारी
२४६, म्हणजे ८२.
आमच्या खात्याची शिस्त अशी की एका तपासणीवर कोणाला दोषी धरायचं नाही. तीन वेळा, तीन वेगळ्या दिवशी. म्हणून हिला पुन्हा टोचलं. ३४१. मीटर दिवसेंदिवस बिघडतोय. हिशेबाने आता सव्वातीनने भागायला हवं, पण मी स्वतःला सवलत देणाऱ्यातला नाही. तीनच ठेवले. मीटरच्या कंपनीला पत्र टाकलं. तारीख, वेळ, दोन्ही आकडे. प्रमाण व्यक्ती: पत्नी, निरोगी.
लेकीचा फोन. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, मीटर तिनेच पाठवलाय. आकडा विचारला, ८२ सांगितला. पोर रडायचीच बाकी होती. बाबा, कमाल केलीत, म्हणाली. आईला द्या म्हणाली. आई झोपली होती. संध्याकाळचे सहा.

१८ फेब्रुवारी
२७३. म्हणजे ९१. उत्तम चाललंय. बिस्किटं पुन्हा सुरू केली, मोजून चार.
हिच्या पायाच्या अंगठ्याला चपलेने फोड आला होता. तो फुटलाय आणि भरत नाही. डॉक्टरांकडे जाऊन येऊ का, असं विचारत होती. म्हटलं, सत्तावीसला मी जातोच आहे, एका फेरीत दोघांचं होईल. मलम आणून दिलं.
आणि समोर आलेल्या बसचा नंबर हिला वाचता आला नाही, भलत्याच बसमध्ये चढलो. चष्मेवाल्याने नंबर चुकवलाय. त्याच्याकडेही बघावं लागणार. जिथे तिथे मापात घोळ.

२१ फेब्रुवारी
तिसरी तपासणी. ३८७. कंपनीला दुसरं पत्र, जरा कडक.
ती म्हणाली, तुमचा आकडा वाढतो तसा माझाही वाढतोय, हे कसं. म्हटलं, काटा एकच आहे ना. तिने बोटाला कापूस दाबून धरला. मग म्हणाली, तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्ही म्हणता तसंच असेल.
हे वाक्य दिवसभर डोक्यात घोळलं. का ते कळत नाही.
चालायला गेलो. कोपऱ्यापर्यंत.

२३ फेब्रुवारी. दुपारी २
कंपनीतून एका मुलीचा ऑफिसात फोन. पत्रं मिळाली म्हणाली. मीटरचं राहिलं बाजूला, म्हणते, सर, तुमच्या मिसेसना आजच डॉक्टरांना दाखवा, मीटरचं मागाहून बघू. मी तिला चांगलंच सुनावलं. म्हटलं, काटा पकडला की प्रत्येक दुकानदार गिऱ्हाइकाच्या मालात खोट काढतो, रोज ऐकतो मी हे. ती आवाज न चढवता म्हणाली, डब्यात बाटली आहे सर, एक थेंब टाकून बघा. मी फोन ठेवला.
सहीसाठी चार कागद आले. चारही दोनदा वाचावे लागले.

सायंकाळी ५.३०
लवकर घरी आलो. ही झोपलेली. बाटली काढली. डब्यावर छापलेली हद्द १०२ ते १३८. थेंब टाकला. ११९.
साहजिक आहे. बाटली त्यांचीच.

५.५०
दुसरी पट्टी. १२१.
हिचा पाय चादरीबाहेर होता. अंगठा कडेने काळा पडलाय. उठवावंसं वाटलं. उठवलं नाही. सकाळी विचारू, दुखतंय का.
११९ला तीनने भागलं तर चाळीस येतात. चाळीस हद्दीत बसत नाहीत. मीटर तिप्पट दाखवत असता तर बाटलीचेही साडेतीनशे यायला हवे होते. हे मला सातवीतल्या मुलानेही सांगितलं असतं. चहा बिनसाखरेचा घेतला.

२४ फेब्रुवारी
सकाळी हाक मारली तर उठेना. डोळे उघडे, जीभ जड. गादीवरच उलटी. बोटाला मीटर लावला. ४६२. भागाकार केला नाही.
शेजारचा टॅक्सीवाला बनियनवरच धावत आला. दोघांनी उचलून नेली. केवढी हलकी झालीय. एकतीस वर्षं वजनं उचलतोय आणि हे मला घरात कळलं नाही.
इस्पितळात हिच्या शिरेतून रक्त घेतलं. लॅबवाल्याला मी तरीही सांगितलं, आमचा मीटर बिघडलेला आहे, त्यावर जाऊ नका. त्याने कागद हातात दिला. ४७०. म्हणाला, काका, मीटर झकास आहे तुमचा.
डॉक्टरांना वही दिली. त्यांनी हिच्या पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि शेजारची तारीख वाचली. अकरा. माझ्याकडे बघितलं. मग नर्सला हिच्या पायावरची चादर काढायला सांगितलं.

२७ फेब्रुवारी
आजच माझी तारीख होती. इथल्या डॉक्टरांनी वॉर्डमध्येच तपासलं. मलाही इन्सुलिन.
हिचा अंगठा काल काढावा लागला. बाकी पाय वाचला म्हणतात. लेक आलीय. वही तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मिटून माझ्या मांडीवर ठेवली, आणि आईच्या उशाशी जाऊन बसली.
नर्सने टोचायला शिकवलं. आधी माझ्या पोटात, मग हिच्या. वाटलं होतं तेवढं दुखत नाही. मुंगी चावल्याइतकं. एवढ्याशासाठी मी हे सगळं केलं.
कंपनीतल्या मुलीचा पुन्हा फोन आला. मॅडम कशा आहेत, विचारत होती. मी म्हटलं, तुमचा काटा बरोबर आहे.

१ मार्च, रविवार. सकाळी ६.४०
हिचा २३६. माझा २८८. आले तसे लिहिले.
हिला आज नीट जाग आहे. सकाळी पायाची पट्टी बदलून झाल्यावर मला म्हणाली, अकरा तारखेलाच इथे आलो असतो, तर बोट राहिलं असतं का हो? म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगतो.

सायंकाळी ५
डॉक्टर दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा आले तेव्हा मी खाली चहा घेत होतो. दुसऱ्यांदा मी तिथेच होतो.