नियुक्तीपत्र आलं, सर

सर, मागच्या सोमवारी मी उच्च न्यायालयात न्यायमूर्तीपदाची शपथ घेतली. राष्ट्रपतींच्या सहीचं नियुक्तीपत्र आलं तेव्हा घरच्यांनी विचारलं, आधी कोण आठवलं? मी म्हणाले, आई. पण डोळ्यांपुढे उभं राहिलं ते अकोल्याचं तुमचं स्वयंपाकघर. काकू भाकरी वाढतायत आणि मी, तुमची नवी ज्युनियर, ताटावर मान घालून बसले आहे. बाळापूरच्या एका विधवेला दिरांनी राहत्या घरातून काढलं होतं. खालच्या कोर्टात ती हरली होती आणि तिचं अपील दाखल करायचं मी विसरले होते, मुदत संपून अकरा दिवस झाले होते. "ऑफिसातल्या मुन्शीनं तारीखच लिहून ठेवली नाही," मी म्हणाले. तुमचा घास हातातच राहिला.

"मुन्शीले काहून पुढं करून राहिली? वकीलपत्रावर सही कोनाची हाय?"

"जेवू तर द्या पोरीले," काकू म्हणाल्या.

"जेवू दे. पन उद्या बाळापूरले चाल माह्यासंग. त्या बाईले तूच सांगशीन."

बाळापूरला ती राहत होती त्या खोलीच्या दारातच मी सगळं सांगून टाकलं. ती बाई म्हणाली, "मंग माहं घर गेलं का, बाई?" विलंब माफ व्हावा म्हणून मी शपथपत्र दिलं, की चूक माझी आहे. समोरचे वकील ते भर कोर्टात मोठ्यानं वाचत होते, दोघंतिघं हसतही होते, आणि तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. अर्ज मंजूर झाला. दोन वर्षांनी तिला घर परत मिळालं.

पुढे जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेला तुम्हीच मला बसवलंत. अमरावतीला नेमणूक झाली म्हणून पेढे घेऊन आले, तर तुम्ही पेढा तोंडात टाकून म्हणालात, "आता माह्या घरी येत नको जाऊ. माह्या केसेस हायेत तिथं. समोरच्या पक्षाले काय वाटंन?" वाईट वाटलं, पण पटलंही. मी येणं बंद केलं. फोनही बंद केला.

मग तुम्ही आजारी पडलात. काकूंनी दोनदा निरोप धाडला. अमरावतीहून अकोला ते काय, दोन-अडीच तासांची वाट. मी आले नाही. थेट स्मशानात आले, तेही मागे उभी राहिले.

सरांनीच यायला मनाई केली होती, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. लोक मान डोलावतात, तुमच्या शिस्तीचं कौतुक करतात. सर, तुम्ही वकिली सोडून तेव्हा वर्ष झालं होतं. तुमची एकही केस अमरावतीत उरली नव्हती. मला ते ठाऊक होतं.