भिंतीवरची वेल

आई, काल तुझ्या नातीनं आमच्या भिंतीवर वेल लावली. ही नात तू पाहिली नाहीस, तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी झाली ती. शाळेत शिकवलं म्हणे. हिरव्या घोटीव कागदाचे देठ, त्याचीच पानं, गुलाबी फुलं आणि मागं डिंक. सगळं चिकटवून झाल्यावर ती लांब जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बघ आई, किती सोप्पंय." छान म्हणायचं सोडून मी पुढं झाले आणि एक पान नखानं उचलून मागं बघितलं. मागं भिंत होती. चांगली गुळगुळीत, गेल्या दिवाळीला रंग दिलेली. तरी मी तिच्यावरून बोट फिरवलं. पोरगी हिरमुसली. "काय बघतीस गं?" मी म्हणाले, "डिंक नीट लागलाय का ते." हे वाक्य माझं नाही, तुझं आहे. म्हणून आज दुपारी सगळी कामं टाकून तुला लिहायला बसले.

उचगावचं घर आबांनी बांधलं ते रविवार रविवार करून. आठवडाभर फाउंड्रीत भाजून निघायचे आणि सुट्टीला मित्रांना गोळा करून विटा रचायचे. गवंडी सांगत होता, काळी माती हाय, मुरूम लागंपतूर खणा. आबा म्हणाले, "घर बांधायचंय, हीर न्हाय खणायची." काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. बसायच्या-झोपायच्या सोप्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. दर दिवाळीला आबा तीत सिमेंट भरायचे, दर उन्हाळ्यात ती पुन्हा तोंड उघडायची. पावसात जरा मिटली की आबांचा चेहरा खुलायचा. "बघा, मिटली की न्हाय?" मी एकदाच म्हणाले, आबा, भिंत फुटलीया. "घर हाय का पापड, फुटाय?" एवढंच बोलले, आणि पुढं दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या घराला नावं ठेवणं म्हणजे त्यांना नावं ठेवणं, हे मी तेव्हा शिकले. तू माझ्या आधीच शिकली होतीस.

तू स्वयंपाकघरात कागद चिकटवायला मैद्याची खळ शिजवतेयस. तो कच्चट, गोडसर वास अजून नाकात आहे. कागदाची घडी, पुन्हा घडी, पुन्हा घडी, मग कात्रीनं एकच अर्धगोल काप, आणि उलगडलं की आठ पाकळ्यांचं फूल. दारावर तू केलेलं लोकरीच्या गोंड्यांचं तोरण, कोपऱ्यात काचेच्या बांगड्यांचं झुंबर, आणि भेगेवर अशीच कागदाची वेल. ती लागल्यावर भेग दिसेना, आणि आबांनी सिमेंट भरणंही सोडलं. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. "हाताला कला हाय बाई हिच्या," म्हणायच्या, आणि तू त्यांना बसवून घेऊन शिकवायचीस. फूल शिकवलंस, पान शिकवलंस. देठ ताणून का चिकटवायचा ते मात्र कुणाला शिकवलं नाहीस. ते फक्त मला सांगितलंस, आणि मला वाटतं, मीही एके दिवशी पान उचलून मागं बघितलं म्हणूनच सांगितलंस. फूल भेगेच्या या अंगाला, पान त्या अंगाला, मधे बारीक देठ, अगदी ताठ. "ह्यो तुटला की समजायचं, भित हाललीया. वरडायचं न्हाय. धाकट्याचा हात धरायचा, भायेर जायचं आणि मला हाक मारायची. इच्यार मागनं."

आई, तू मला काय देऊन ठेवलंस याची तुला कल्पना होती का? मी दहा वर्षांची होते. शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी देठ बघायचे. जेवताना घास तोंडात आणि डोळे भिंतीवर. "पोरीला येल लईच आवडती," आबा कौतुकानं म्हणायचे. पाल चुकचुकली तरी मी उठून देठ मोजायचे. मधेच एखादा देठ उन्हानं वाळून सुटायचा, मी धापा टाकत तुझ्याकडं यायचे, तू येऊन बघायचीस, भेगेत बोट घालायचीस आणि म्हणायचीस, "खळ सुटलीया नुसती." मग नवीन देठ. झोपताना आम्ही दोघं भावंडं दाराजवळ, आबा आणि आत्या मधे आणि तू भिंतीकडे. "मला भितीला गार वाटतंय," म्हणायचीस. मला ते खरंच वाटायचं.

त्या मे महिन्यात आत्याला बघायला आजऱ्याहून पाहुणे येणार होते. आत्या आपल्याकडंच राहायची, आणि तिचं यंदा जमवायचंच असं आबांनी ठरवलं होतं. त्यांना बहिणीइतकंच घरही दाखवायचं होतं. तुला म्हणाले, "येल जरा मोठी कर, भित भरल्यागत दिसू दे." तू दोन दिवस फुलं कापत होतीस. पाहुणे आले, पाच माणसं, आणि आबांनी नेमकं त्याच भिंतीला सतरंजी अंथरून बसवलं. मुलाच्या आईनं वर बघून विचारलं, "कुणी केलंय ओ ह्ये?" तू पदर सावरत हसलीस. मी पोह्यांच्या बश्या घेऊन आले आणि सवयीनं डोळे वर गेले. वरून तिसरा देठ तुटला होता. सुटला नव्हता, मधोमध फाटला होता. मी बघत असतानाच त्याच्या खालचाही फाटला.

ओरडले तर आत्याचं लग्न मोडणार आणि आबा चारचौघांत खाली बघणार. नाही ओरडले तर ती पाच माणसं आणि आबा भिंतीला टेकून बसलेत. बश्या कशा ठेवल्या आठवत नाही. धाकट्याचा हात धरला आणि बाहेर अंगणात जाऊन हाक मारली, "आई." आवाज इतका बारीक आला की तुला ऐकू जाणार नाही असं वाटलं. तू दारात आलीस. माझ्या हातात धाकट्याचा हात बघितलास. आत वळून म्हणालीस, "पावणं, लई उकडाय लागलंय आत. च्या लिंबाखाली घिऊया की." आबांनी डोळे वटारले. "घर सोडून अंगणात बसवतीस व्हय पावण्यास्नी?" पण पाहुण्यांतले म्हातारेबुवा उठलेच, "चला की, वारं बी हाय." त्यांच्यामागं सगळे उठले. आत्या आली. आबा आले नाहीत. अपमान झाला होता ना त्यांचा. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसून राहिले.

आणि तू आत गेलीस. मला दारातून दिसत होतं. तू हात धरून ओढलं नाहीस त्यांना, वेलीकडं बोटही दाखवलं नाहीस. त्यांच्या शेजारी, तुटलेल्या देठांच्या बरोबर खाली, मांडी घालून बसलीस आणि हळू काहीतरी बोललीस. मी धाकट्याचा हात इतका आवळला की तो रडायला लागला. आता दोघंही जाणार, मी आणि हा राहणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आयुष्यात त्यानंतर पुष्कळ घाबरले, दवाखान्यात घाबरले, बाळंतपणात घाबरले, पण तेवढी कधीच नाही. मग आबा उठले. तू त्यांच्या मागून उठलीस, आणि बाहेर येऊन पाहुण्यांना विचारलंस, साखर किती.

भिंत पडली नाही. पाहुणे संध्याकाळी गेले तेव्हाही ती उभीच होती, आणि आबा म्हणाले, "पडली का? पडली का सांग." मग रागारागानं त्यांनी वेल ओरबाडली. वेल लागल्यापासून तिच्यामागं त्यांनी बघितलं ते तेव्हाच. भेगेत त्यांचा पंजा मनगटापर्यंत गेला. ते तसेच उभे राहिले, हात भिंतीत घालून. आपण सगळे त्या रात्रीपासून अंगणात झोपायला लागलो, आणि पुढच्या रविवारी त्यांनीच मित्रांना बोलावून भिंत उतरवली. पाया या वेळी मुरुमापर्यंत गेला. आत्याचं आजऱ्यात जमलं. मुलाच्या आईला म्हणे, जिथल्या हाताला अशी कला आहे ते घर आवडलं.

मी बारा वर्षांची असताना तू मला वेणी घालायला शिकवलंस आणि पुढच्याच वर्षी गेलीस. ताप अंगावर काढत राहिलीस, दुखतंय म्हणाली नाहीस, आणि आम्हाला कळेल असं काही कुठं चिकटवून ठेवलं नव्हतंस. याचा मला अजून राग येतो. तू गेल्यावर एकदा आबांना विचारलं, त्या दिवशी आई काय म्हणाली होती. ते तंबाखू मळायला लागले. मग म्हणाले, "म्हणाली, तुमी उठत नसला तर मी बी हितंच बसतो. पोरं भायेर हायती." आणि तंबाखू न खाताच टाकून दिली.

त्या पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन असायचं, आई. मे महिन्यात तिला हात लावला तर चटका बसायचा. ती तुला गार कुठून लागणार होती, हे माझ्या डोक्यात यायला माझं लग्न व्हावं लागलं. तुला भीती वाटते का, हे मी कधी विचारलं नाही. वाटते म्हणाली असतीस तर मला झोप लागली नसती, म्हणून नाही विचारलं.

हा कागद काही पोस्टात टाकायचा नाही, घडी करून कपाटात ठेवेन. फक्त एवढं सांगते. आज पोरगी शाळेत गेल्यावर मी तिच्या वेलीचा एक देठ सोडवला आणि मैद्याची खळ करून ताणून पुन्हा चिकटवला. आमच्या भिंतीला काहीसुद्धा झालेलं नाही. तरी पोरीचं अंथरूण मी दाराकडं सरकवलंय, आणि मला भिंतीकडं गार वाटतं, असं घरात सांगितलंय.