अंजनाबाईची तोंडपाठ साक्ष

चेंबूर, ता. ४ मार्च १९६९

तीर्थरूप रामचंद्रमामांच्या सेवेशी भाचा अनंत याचा दंडवत. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे ठीक म्हणायची पद्धत आहे म्हणून ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे, सातपाटीची हवा मानवली का, मामीचा खोकला थांबला का, ते सविस्तर कळवा. (मागच्या पत्रात तुम्ही नुसतं 'बरं आहे' लिहिलंत. त्यात गुडघा बरा की मामी बरी, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला.) हे पत्र टायपिंगच्या मशीनवर न करता हाताने लिहितोय, कारण हल्ली मला मशीनची भीती वाटते. खरं सांगायचं तर सगळ्याचीच वाटते.

आपल्या चंदरची केस येत्या तेरा तारखेला, गुरुवारी आहे. तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, पण घाबरलेला माणूस ठाऊक असलेल्याच गोष्टी पुन्हा पुन्हा लिहितो. डिसेंबरात माहूलच्या किनाऱ्यावर, आपण जाळी वाळवतो तिथेच, कुंपणाचं काम निघालं आणि त्यावरच्या मुकादमाचं डोकं फुटलं. तो म्हणतो चंदरने ढकललं. चंदर म्हणतो तो घसरून पडला. बघणारे तीन, हरेश्वर, अंजनाबाई आणि तिची सून चंपा. चंदरला शिक्षा झाली तर हंगाम गेला, होडी गेली, आणि त्याच्या बायकोला, शकुला, तर सातवा महिना आहे. वकील म्हणाले, साक्षीदार नीट तयार करा. आता कोर्टाबाहेर झाडाखाली अकरा वर्षं टायपिंग करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागतं का? मी एकच जबानी झकास तयार केली, 'सदर इसम उतारावरून येत असता उजवा पाय घसरून डाव्या कुशीवर पडला, त्यासमयी चंदर वीस पावलांवर जाळे शिवत होता', दोन कार्बन लावले आणि तिघांना एकेक प्रत दिली. अंजनाबाईला अक्षर येत नाही, पण चंपाने चार वेळा वाचून दाखवल्यावर तिने आरतीसारखी पाठ केली. आता ती बाजारात मांदेली विकतानाही मधूनच 'सदर इसम' म्हणते आणि गिऱ्हाईक दचकतं. मी मात्र खूश होतो.

तेवढ्यात चेंबूरच्या फादर बेनेडिक्टांचं काम आलं. चार शुभवर्तमानांवर इतिहास म्हणून कितपत विसंबावं, या विषयावर त्यांची साठ पानांची पुस्तिका टाईप करायची होती. (आईला वाटलं मी बाटणार. मी म्हटलं, अगं, टायपिंग बोटं करतात, मी फक्त शेजारी बसतो.) एकतीस पानं निवांत झाली. बत्तिसाव्या पानावर फादर लिहितात की येशूच्या कबरीपाशी पहाटे कोण कोण गेलं, यात चौघांचा मेळ नाही. एकजण एकाच बाईचं नाव घेतो, एक दोघींचं, एक तिघींचं. कुठे एक देवदूत, कुठे दोन. पण कबर रिकामी होती आणि आधी बायांनी पाहिली, यावर चौघे ठाम. आणि पुढे त्यांनी लिहिलंय की बारीकसारीक गोष्टींत फरक असणं ही खऱ्या साक्षीदारांची खूण. चौघे शब्दाला शब्द सारखं बोलले असते, तर कुठलाही न्यायाधीश म्हणाला असता, यांना कुणीतरी पढवलंय. मामा, हे वाक्य मी माझ्या हाताने टाईप केलं आणि पुढे हातच चालेना. माझी पुरती वाट लागली होती.

दुसऱ्या दिवशी शुद्धलेखनाचं निमित्त काढून फादरांकडे गेलो. माझं तोंड बघून त्यांनी आधी पाणी दिलं. म्हणाले, हा मुद्दा झाला अनंत, सिद्धता नव्हे, पुष्कळ विद्वान याला मानत नाहीत. मूळ कागद तर एकही उरलेला नाही, आहेत त्या नकलांच्या नकला. त्यातच माझ्या टायपिंगमध्ये एक ओळ गाळलेली सापडली (दोन ओळी एकाच शब्दाने संपत होत्या, डोळा खालच्या ओळीवर घसरला), तर रागावण्याऐवजी खुशीत आले. जुने नकलनवीस हुबेहूब हीच चूक करत, म्हणाले. मी घाबरत घाबरत विचारलं, समजा एखाद्याने चारही जबान्या एक करून टाकल्या तर? फादर म्हणाले, फार पूर्वी एकाने चारांची मिळून एक पोथी केली होती, पण लोकांनी शेवटी चार वेगळ्याच ठेवल्या. त्याला शिक्षा काय झाली, मी विचारलं. फादरांनी मला आणखी एक पेला पाणी दिलं.

तसाच माहूलला धावलो आणि तिघांना सांगितलं, माझा कागद विसरा, जे पाहिलं ते आपल्या शब्दांत बोला. हरेश्वर म्हणाला, आधी पाठ करा म्हणतोस, आता विसरा म्हणतोस, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? अंजनाबाई तर डोळे मिटून बसली आणि रडायलाच लागली. "मना आता तुजाच कागद दिसतंय रं," म्हणाली. तिने जे डोळ्यांनी पाहिलं ते मी पुसून टाकलं होतं. शेवटी तिला हाताला धरून किनाऱ्यावर त्याच जागी नेलं, त्या दिवसासारखी डोक्यावर टोपली दिली, आणि तिथे हळूहळू तिला आठवलं. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

आपला भाचा
अनंत

ता. क. : तिघांचं आता कशावरच जमत नाही. हरेश्वर म्हणतो दुपार होती, चंपा म्हणते सकाळ, अंजनाबाईच्या मते मुकादम उजव्या कुशीवर पडला. वकिलांनी कपाळाला हात लावला. पण एक गोष्ट तिघांनी वेगवेगळी सांगितली आणि ती तंतोतंत सारखी निघाली. मासळी धुतलेलं टबातलं पाणी तुम्ही उतारावर ओतलंत आणि मुकादम त्यावरून घसरला. माझ्या कागदात तुम्ही नव्हता, कारण सातपाटीला निघताना तुम्हीच म्हणाला होता, मला यात घालू नको. तेव्हा गुरुवारी या. पाणी ओतणं हा गुन्हा नाही, वकिलांना दोनदा विचारून घेतलंय.

आणखी एक ता. क. : भीती वाटत असेल तर माझ्या शेजारी उभे राहा, दोघे मिळून घाबरू. चंदरला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे. पाणी कुणाचं म्हणून वकिलांनी त्याला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तो म्हणाला, समुद्राचं.