तेसचा बास

रवि. ४ जाने.

नितीन आणि इरा जेवून निघाले. उद्यापासून इराची शाळा, नि.चं ऑफिस. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. मागे वळले तर दोन्ही कुत्री माझ्याकडे बघत उभी. आता तूच का, असं दोघांच्या चेहऱ्यावर.

होय, मीच. कोणी गळ घातली नव्हती. विलेमकाका थर्टीफर्स्टला अंगणातून लाकडं आणताना घसरले, खुबा मोडला, अँब्युलन्स आली, आणि त्या सगळ्या गोंधळात मीच बोलून बसले, "मी राहते, मला घरून काम करता येतं." वास्तविक दर नाताळात त्यांच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतो, एवढाच आमचा संबंध. त्यांची मुलगी आन्के रॉटरडॅमला, तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी. म्हणजे दुसरं होतं कोण?

'मेनेर', म्हणजे डचमधलं 'साहेब', म्हणायला माझी जीभ वळेना, म्हणून पहिल्याच वर्षी त्यांचे काका करून टाकले. मग इराने सांगितलं, आई, डचमध्ये काका म्हणजे लहान मुलं पॉटीवर बसून म्हणतात ते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण त्यांना हसून हसून खोकला लागला, आणि बदलू काही दिलं नाही.

प्लाउस दोन वर्षांचा, वारं प्यायलेला. तेस म्हातारी, तपकिरी-पांढरी, काकांच्या पायापाशी झोपणारी. आज संध्याकाळी ती दाराशी बसून राहिली. खायला दिलेलं तसंच.

पुण्यात कुत्रं म्हणजे स्कूटीमागे धावणारं. मला यातलं काय कळतंय!


सोम. ५ जाने.

पडदा उघडला आणि सगळं पांढरं. शेतांमधले पाण्याचे चर गायब, कुंपणाच्या खांबांवर टोप्या. मीटिंग सुरू व्हायच्या आधी प्लाउसला घेऊन बाहेर पडले. त्याला बर्फ म्हणजे काय हे ठाऊकच नसावं. आधी एक पाय ठेवला, उचलला, हुंगला. मग जो सुटला! नाक बर्फात खुपसून नांगरासारखा चालला, मधेच उलटा पडून लोळला. मी पण धावले. पडले. कोणी बघत नव्हतं म्हणून तशीच पडून राहिले जरा वेळ. एवढी शांतता होती की बर्फ अंगावरच्या जॅकेटवर पडतोय तेसुद्धा ऐकू येत होतं. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

परत आले तर तेस दाराशी, कुंईकुंई चाललेली. मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जायला लागलं. म्हटलं, "बास गं तेस. बास आता." तर गप्प बसायचं सोडून ती उठलीच. कान उभे, शेपटी जोरजोरात. दार उघडलं. बाहेर जाऊन लाकडांच्या ढिगामागे बघून आली, गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. परत आत. पुन्हा दाराशी.

म्हाताऱ्या माणसांचं होतं तसं झालं असेल. आपण कुठे निघालो होतो तेच विसरायचं.


मंगळ. ६ जाने.

अजून बर्फ. हवामान खात्याचा कोड ऑरेंज इशारा. नि. शहरात, झुइडओस्टच्या ऑफिसात अडकलेला, मेट्रो रखडल्या आहेत. फोनवर म्हणाला, "तू मजेत आहेस हां." आहेच मजेत. वाटाण्याचं सूप केलं, त्यात जिरं-हिंगाची फोडणी मारली. काकांनी पाहिलं असतं तर.

तेसने आजही तोंड लावलं नाही. मऊ भात केला, मीठ न घालता, गरम असतानाच कुस्करला, आणि बोटावर घेऊन तिच्या तोंडाशी नेला. दोनदा चाटलं. मोठाच पराक्रम. प्लाउसने उरलेलं पातेलं चकाचक केलं.

दुपारी पुन्हा कुंईकुंई. पुन्हा मी "बास, बास". पुन्हा ती उठून दाराबाहेर, लाकडांमागे, गोठ्यापाशी. पाय थरथरत होते. पोटापर्यंत बर्फ चिकटून गोळे झाले होते, ते कोमट पाण्याने सोडवले. तिने हात चाटला. वैतागले होते तिच्यावर, सगळा वैताग गेला.


बुध. ७ जाने.

आज जे कळलं ते लिहवत नाहीये.

इराचा व्हिडिओ कॉल. तिला बर्फ दाखवला, प्लाउस दाखवला. (हिची शाळा ऑनलाइन, म्हणून बाईसाहेबांना वेळ.) तेवढ्यात तेस कण्हायला लागली. मी सवयीने, "बास गं बाई, बास." तेस धडपडत उठली, दाराकडे.

इरा ओरडली, "आई, स्टॉप! डोन्ट से दॅट!"

"काय?"

"बास. तू बास म्हणतेस. शी थिंक्स ही इज होम."

तरी मला कळेना. मग ती हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "मालक, आई. डचमध्ये बास म्हणजे मालक."

मी दाराकडे बघितलं. तेस काचेला नाक लावून उभी.

म्हणजे तीन दिवस मी तिला सांगतेय, पुरे कर. आणि ती ऐकतेय, ते आलेत.

इतकी वर्षं इथे काढली. बास हा शब्द ऑफिसात दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. मॅनेजरला सगळे बास म्हणतात. मला एकदाही दोन्ही एका जागी सुचू नयेत? मराठी बोलताना डच कान बंद आणि डच ऐकताना मराठी. इराचे दोन्ही उघडे असतात. आम्हाला वाटतं, पोरगी मराठीत उत्तर देत नाही.

फोन ठेवून तेसपाशी फरशीवर बसले. तिला सॉरी म्हटलं. ते कुठल्या भाषेत म्हणायचं हाही प्रश्नच.


गुरु. ८ जाने.

बास म्हणायचं नाही, एवढं ठरवलं तर दिवसभर तोच शब्द जिभेवर. चहात साखर घालताना बास. प्लाउसने उडी मारली की बास. लॅपटॉप बंद करताना, चला, बास आज. प्रत्येक वेळी ओठ दाबून धरले. शेवटी 'पुरे' म्हणायला लागले, आजोळी म्हणायचे तसं.

डॉक्टरबाई आल्या, जनावरांच्या. गाडी रस्त्यावर ठेवून बर्फातून चालत. तेसला तपासलं, बराच वेळ छातीवर हात ठेवून बसल्या. वय झालंय, म्हणाल्या, हृदय दमलंय, दुखत मात्र काही नाही. पण खात नाही आणि उठणंही कमी झालंय. शनिवारी सकाळी पुन्हा येते. तोपर्यंत उठली नाही, खाल्लं नाही, तर ओढत राहण्यात अर्थ नाही, इंजेक्शन देऊन शांतपणे झोपवू. सगळं हळू, साध्या डचमध्ये सांगितलं, मला कळावं म्हणून. कळलं.

आन्केला फोन केला. ती रडली. म्हणाली, बाबांना मी सांगते, पण तिथे तू आहेस, तुला दिसतंय ती कशी आहे. तू ठरव. मी म्हटलं, अगं मी कशी ठरवू, मी परकी. ती म्हणाली, "तुझ्या हातून ती खाते."

दोनदा चाटलेला भात. त्याला ही खाणं म्हणते.

आन्केला बासचं सांगितलं. ती म्हणाली, तेस लहान होती तेव्हा बाबा लाकडांमागे लपायचे आणि आई तिला विचारायची, बास कुठाय? तेस शोधून काढायची. कधी लाकडांमागे, कधी गोठ्यात. आई गेल्यावर तो खेळ बंद झाला. विचारायला कोणी उरलं नाही.

माझ्या तोंडून तिला सोमवारपासून तो खेळ ऐकू येत होता. पहिल्यांदाच असं झालं असेल की शोधलं आणि बास सापडला नाही.


शुक्र. ९ जाने.

तेस सकाळपासून उठली नाही. शेगडीजवळ पडून. डोळे उघडे, पण माझ्यामागे फिरत नाहीत.

प्लाउसला फिरवून आणलं. बाहेर इतकं सुंदर होतं की राग आला. उन्हात सगळं शेत चकाकत होतं, एक ससा धावत गेला, प्लाउस त्याच्यामागे, ससा गेला कुठच्या कुठे आणि हा बावळटासारखा उभा. हसू आलं. मग आठवलं, घरात काय आहे ते.

आत आले. भात नाकाशी नेला. नाही. हाक मारली. नाही. शेजारी वाकून बसले आणि मुद्दाम म्हटलं. हळू म्हटलं, पण स्पष्ट.

"तेस. बास."

उठली. पुढचे पाय, मग कष्टाने मागचे. दाराशी गेली. मी दार उघडलं. आता न उघडून कसं चालेल? ती पायरीपर्यंतच जाऊ शकली. तिथे उभी राहिली, तोंड लाकडांच्या ढिगाकडे. मधल्या वेळात आभाळ भरून बर्फ पुन्हा सुरू झाला होता, तिच्या पाठीवर साठत होता. मी तिला उचलून आत आणलं. वाटते त्यापेक्षा हलकी आहे.

उद्या डॉक्टरबाईंना सांगता येईल, काल उठली होती म्हणून. याचसाठी केलं का मी? बहुतेक हो. लाज वाटली फार.

चारच्या सुमारास काकांचा फोन, हॉस्पिटलमधून. आवाज बारीक झालाय. उद्या त्यांना तिथून दुसऱ्या केंद्रात हलवणार आहेत, पुन्हा चालायला शिकवतात अशा, महिनाभर तरी. आन्के तिच्या गाडीने नेणार. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, वाटेत घरी थांबतील थोडा वेळ. गाडीतून उतरता येणार नाही. तेसला गाडीपर्यंत आणायचं.

मी म्हटलं, "काका, स्पीकरवर टाकू? बोला तिच्याशी."

ते म्हणाले, "नको. माझा आवाज ऐकेल आणि मला शोधत फिरेल. असं करू नये तिच्याशी."

मी सकाळचं काही बोलले नाही. ठेवायच्या आधी म्हणाले, तेसची डॉक्टर माझ्याआधी पोचली तर तू मला विचारत बसू नकोस. तिचं बघ, माझं नको.


शनि. १० जाने.

आभाळ मोकळं. शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर येऊन रस्त्यावरचा बर्फ ढकलून गेला. प्लाउसला अंगणात सोडलंय, तो त्या ढिगांवर चढून उड्या मारतोय.

तेस पाणी प्यायली, बशी मी धरली होती म्हणून. भात नाही. उठली नाही. मी तो शब्द उच्चारलेला नाही आणि आता उच्चारणार नाही, काही झालं तरी.

आन्केचा मेसेज: निघालोय, बाबा ठीक आहेत, रस्ता हळू आहे. डॉक्टरबाईंचाही: निघाले आहे. आधी कोण पोचेल ते सांगता येत नाही. डॉक्टरबाईंना थांबा म्हणून सांगायला फोन केला, त्यांनी उचलला नाही, चालवत असतील. उचलला असता तर पुढे काय सांगणार होते? काका येतील, गाडीच्या खिडकीतून तिच्या डोक्यावर हात ठेवतील, आणि पुन्हा जातील महिनाभरासाठी. ती परत दाराशी बसणार. तिचं बघ, म्हणाले. तिचं कशात आहे ते मला खरंच कळत नाही. आन्केला वाटतं मला कळतंय.

नि.चा फोन येऊन गेला. म्हणाला, मी येऊ का? म्हटलं, नको, पण फोन जवळ ठेव. इराने मागून विचारलं, "इज शी ओके?" आणि मग, क्वचित बोलते तसं मराठीत, "आई, तू ओके आहेस ना?" तेव्हा मात्र रडू आलं.

तेसच्या शेजारी जमिनीवर बसून लिहितेय. एक हात तिच्या मानेखाली आहे. गरम आहे ती. श्वास चालू आहे.

गाडीचा आवाज. वळणापाशी आहे, मधे झाडं आहेत, कुठली ते दिसत नाही. प्लाउस बघत उभा.

तेसने डोकं उचललं. कान. पुढचे पाय टेकले, आता मागचे. घसरली, पुन्हा टेकले. उठली. दाराशी गेली आहे, काचेला नाक लावून उभी, शेपटी हलतेय.

मी बास म्हटलं नव्हतं.