जीपवर पांघरलेली गोधडी

मंगळवार, संध्याकाळ

आजही तेच. माझ्या भज्यांच्या दुकानातलं उरलेलं तेल ह्यांनी मऊ फडक्यातून तीनदा गाळलं आणि जुन्या डिझेल जीपमध्ये ओतलं. धरणगावला चक्कर मारून आले नि म्हणाले, "काय खमंग धूर सोडते!" माझी भजी मात्र मुकाट्याने गिळतात. थंडीत तेल घट्ट होतं म्हणून आता जीपवर गोधडीसुद्धा घातली. माझी गोधडी, आईनं शिवलेली!

"अहो, आणि मी?"

"तुले शेगडीनी ऊब शे ना."

लोखंडाचा कोणी हेवा करतं का? मी करते. गोधडी ओढून आणलीय. उद्यापासून दुकानात भजी बंद, फक्त इडल्या. चालवा म्हणावं आता तुमची लाडकी वाफेवर.